वाड्यावरची नोंदवही: गावात इंटरनेट आणण्याची आणि त्याच्या कारभारात बोलण्याची रीत

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात इंटरनेट आहे का, असे विचारले तर सरकारी यादीप्रमाणे उत्तर ‘आहे’ असे मिळते आणि आमच्या वरच्या वाड्यावर, म्हणजे गावापासून सुट्या पडलेल्या वस्तीवर, उभे राहून विचारले तर ‘नाही’ असे मिळते. दोन्ही उत्तरे खरी आहेत. यादीत गाव मोजले जाते; गोव्यात मात्र गाव म्हणजे डोंगर, ओहोळ आणि कुळागरे (पोफळी-नारळाच्या बागा) यांनी एकमेकांपासून दूर ठेवलेले पाच-सात वाडे असतात, आणि देवळाजवळच्या वाड्यावर फोन लागला की अख्खे गाव जोडले गेले असे धरले जाते. हा फरक कागदावर येईपर्यंत वाड्याबाहेरच्या कोणालाही दिसत नाही. म्हणून या मार्गदर्शनाची सुरुवात शंभर पानी वहीपासून केली आहे. तीच वही पुढे ग्रामसभेत, कंपनीकडच्या तक्रारीत, दिल्लीतल्या नियामकापुढे आणि जगाच्या इंटरनेटचे नियम जिथे ठरतात त्या मंडळींपुढेही कामाला येते, आणि ती नीट भरलेली असेल तर बोलणाऱ्या माणसाला मोठे पद किंवा फर्डे इंग्रजी लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

वही कशी भरावी

कामाला पाच-सहा माणसे पुरतात. मात्र प्रत्येक वाड्यावरचे निदान एक माणूस त्यांत असावे आणि निम्म्या तरी बायका असाव्यात, कारण रास्त भावाच्या दुकानात यंत्रावर अंगठा न उमटल्यामुळे दोनदा घरी परतावे लागते तेव्हा ते हेलपाटे बहुधा त्यांनीच घातलेले असतात. प्रत्येक वाड्यावर दोन किंवा तीन ठिकाणे पक्की करावीत: शाळेची पायरी, अंगणवाडीचे दार, देवळाचा मंडप, एखाद्या घराचा सोपो (दारासमोरची पडवी). एकदा ठरलेले ठिकाण बदलू नये. डोंगराळ भागात दहा पावले सरकले तरी आकडा बदलतो, आणि ठिकाण बदलत राहिले तर आजच्या नोंदीची कालच्या नोंदीशी तुलना करता येत नाही. सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री नऊ अशा तीन वेळा ठरवून तीन आठवडे सलग नोंदी घ्याव्यात. रात्री नऊची वेळ चुकवू नये, कारण सगळे फोन एकाच वेळी चालू असतात ते तेव्हाच.

वेग मोजण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, ‘मायस्पीड’ हे ॲप वापरावे. इतरही ॲपे चांगली आहेत, पण नियामकापुढे बोलायचे असेल तर त्याच्याच मापाने मोजलेले बरे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, कंपनी, डाउनलोड, अपलोड, पाऊस आणि वीज एवढे रकाने असावेत. शेवटच्या रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वीज गेल्यावर थोड्या वेळाने नेटवर्क जात असेल तर दोष टॉवरच्या बॅटरीत किंवा जनरेटरमध्ये आहे. वीज असतानाही नेटवर्क नसेल तर टॉवर दूर आहे किंवा मध्ये डोंगर आडवा आला आहे. पहिल्या दोषाला बॅटरी बदलणे हा उपाय आहे आणि दुसऱ्याला नवा टॉवर किंवा तार लागते. हे वेगळे करून सांगणाऱ्या गावाचे म्हणणे अधिकारी नीट ऐकून घेतो.

आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: ‘मंगळवार, सकाळी ७.१०. वरचा वाडा, शाळेची पायरी. फोनवर दोन दांड्या, ४जी असे दिसते. डाउनलोड ०.३. अपलोडचा आकडा आलाच नाही. वीज आहे. पाऊस नाही. आठवीतल्या मुलीला शाळेने पाठवलेली पीडीएफ उघडली नाही. ती फणसाखालच्या दगडावर चढली तेव्हा उघडली.’ या नोंदीतले शेवटचे वाक्य आकड्याइतकेच मोलाचे आहे, कारण त्या आकड्याने कोणाचे काय अडले ते त्यातून कळते. मात्र मुलीचे नाव, कोणाचा फोन नंबर, आधार क्रमांक यांपैकी काहीही वहीत लिहू नये. वही अनेकांच्या हातून फिरणार असते आणि तिची छायाप्रत कुठवर जाईल हे आपल्या हाती नसते.

आकड्याला ज्या मापाने तोलायचे ते मापही ठाऊक असावे. केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान २ एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) डाउनलोड वेग लागतो. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस, म्हणजे साधारण अर्धा एमबीपीएस, होती. म्हणजे वरच्या नोंदीतला ०.३ एमबीपीएस हा आकडा जुन्या मापालाही उतरत नाही. त्याशिवाय ट्रायच्या २०२४ च्या सेवादर्जा नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना आपले नेटवर्क कुठे पोचते याचे नकाशे आपापल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. आपल्या वाड्याचा तो नकाशा छापून घ्यावा आणि वहीच्या डाव्या पानावर चिकटवावा. उजव्या पानावर आपल्या नोंदी असू द्याव्यात. नकाशात रंग भरलेला आहे आणि नोंदीत शून्य आहे, अशी दोन पाने समोरासमोर आली की वेगळे भाषण करावे लागत नाही.

तार कुठवर आली आहे याचा शोध

पुष्कळ गावांत तार येऊन पोचलेली असते आणि गावालाच त्याचा पत्ता नसतो. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. गोव्यात सरकारी कार्यालये आणि पंचायती जोडणारे गोवा ब्रॉडबँड नेटवर्क त्याच्या आधीपासून आहे. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, अंतरे लहान आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणाहून बहुतेक पंचायती तासाभराच्या वाटेवर आहेत. इतक्या लहान राज्यात वरचा वाडा अंधारात राहतो याचे कारण अंतर हे क्वचितच असते. बहुतेक वेळा तार पंचायतीच्या कपाटापर्यंत येते आणि तिथून पुढे ती कोणी न्यायची हे कोणाच्याच कामात लिहिलेले नसते.

आमच्या पंचायतीतला प्रसंग सांगण्यासारखा आहे. कागदपत्रांच्या कपाटाशेजारी भिंतीवर एक पांढरी पेटी होती आणि तिच्यावर एक लाल दिवा लुकलुकत असे. सचिवांना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘मास्तर, तो दिवा कधीचाच लाल आहे.’ लाल दिवा म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही. देखभालीचे कंत्राट ज्यांच्याकडे होते त्यांना तोंडी सांगून काही झाले नव्हते. वहीतल्या एकवीस दिवसांच्या नोंदी जोडून लेखी पत्र दिल्यावर एक तंत्रज्ञ आला. त्याने कपाट हात-दीड हात पुढे ओढले, तर कपाटाच्या पायाखाली पिवळी तार काटकोनात दुमडलेली होती. फायबर काचेचे असते. ते जास्त वाकवले की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. तार सरळ करून नव्याने जोडायला पाव तासही लागला नाही. तो पाव तास मिळवण्यासाठी गावाने किती महिने वाट पाहिली, ते मात्र कुठल्याच दप्तरात नोंदलेले नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा पंचायतीत जाऊन आधी पेटी डोळ्यांनी पाहावी. मग सचिवांना चार गोष्टी लेखी विचाराव्यात: ही जोडणी कोणत्या योजनेतली आहे, देखभाल कोणाकडे आहे, गेल्या वर्षभरात ती किती दिवस बंद होती, आणि तिच्यावरून शाळा, आरोग्य उपकेंद्र किंवा घरे यांना जोडणी देण्याची तरतूद आहे का. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. राज्य सरकारकडच्या साध्या अर्जासाठी भाषेची चिंता करण्याचे कारण नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा केली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही मुभा ठेवली, म्हणून आपल्या भाषेत स्वच्छ लिहावे.

फायबर मुळीच नसेल आणि मोबाइलही लागत नसेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याची योजना मंजूर केली आणि तिचे काम बीएसएनएलकडे दिले. आपले गाव त्या यादीत आहे का हे विचारावे. नसेल तर ‘गावात नेटवर्क आहे’ म्हणून नाव वगळले गेले का, हेही विचारावे. वाड्याची गोष्ट पुन्हा आडवी येते ती इथेच. या साऱ्या योजनांना लागणारा पैसा ज्या निधीतून येतो तो पूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणून ओळखला जाई आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यापासून त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपन्यांच्या ठरावीक महसुलाचे पाच टक्के त्यात जमा होतात. तो महसूल तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच उभा राहतो, म्हणून वाड्यासाठी त्यातून मागणी करताना संकोच बाळगू नये.

ग्रामसभेत काय मांडावे

गोव्यात पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी ग्रामसभा भरते. तोंडी तक्रार केली तर ती टाळ्यांबरोबर हवेत विरते, म्हणून विषय आधी लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेत घालून घ्यावा आणि ठरावाचा मसुदा स्वतःच तयार करून न्यावा. मसुद्यात एकाच मागणीला एकच वाक्य द्यावे. आमच्या ठरावातले मुख्य वाक्य असे होते: ‘वरचा वाडा, मधला वाडा आणि धनगरवाडा येथे सोबत जोडलेल्या नोंदींप्रमाणे ब्रॉडबँड उपलब्ध नाही, म्हणून पंचायत कार्यालयातील फायबर जोडणी प्राथमिक शाळा आणि अंगणवाडीपर्यंत वाढवावी, तसेच पंचायतीच्या सोप्यावर कार्यालय बंद झाल्यानंतरही रात्री दहापर्यंत वायफाय चालू ठेवावे.’ दुसरा भाग लिहिताना काहींना तो किरकोळ वाटला होता. प्रत्यक्षात कुळागरातून संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला दुपारी पाचला बंद होणाऱ्या कार्यालयातल्या इंटरनेटचा काहीच उपयोग नसतो. ठराव मंजूर झाल्यावर इतिवृत्तात तो शब्दशः उतरला आहे हे पाहावे आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे, आमदारांकडे आणि स्वयंपूर्ण गोवा कार्यक्रमातून पंचायतीला नेमून दिलेल्या स्वयंपूर्ण मित्राकडे द्यावी.

टॉवरचा विषय निघाला की गोव्यातल्या पुष्कळ गावांत दोन तट पडतात, आणि या विषयावर घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना भीती वाटते त्यांना अडाणी म्हणू नये. ज्यांना नेटवर्क हवे आहे त्यांना कंपनीचे हस्तक म्हणू नये. माहिती मात्र दोघांनाही सारखी द्यावी. भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या परिसरातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून किरणोत्सर्ग मोजून घेण्याची मागणी करता येते. टॉवर गावात आणण्यापूर्वी जवळच्या गावातल्या टॉवरपाशी असे मोजमाप सर्वांसमक्ष करून घेतले, तर ग्रामसभेत आरडाओरड कमी होते आणि जागेची चर्चा पुढे सरकते. जागा निवडताना शाळेपासून दूर, पण वाड्यांना सरळ दिसणारी टेकडी पाहावी. टॉवर गावात असूनही डोंगराच्या चुकीच्या बाजूला असला तर वरचा वाडा पूर्वीसारखाच राहतो.

जमीन वापरण्याचे हक्क आता २०२४ च्या केंद्रीय मार्गहक्क नियमांखाली येतात. ते १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, आणि राज्याचे २०२० चे दूरसंचार पायाभूत सुविधा धोरणही आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव किंवा मोले परिसरातल्या गावांनी एक गोष्ट आधीच गृहीत धरावी: वाटेत वन किंवा अभयारण्य असेल तर वनखात्याची आणि वन्यजीव कायद्याखालची परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो. अशा वेळी रस्त्याकडेने जमिनीखालून तार नेण्याची मागणी करणे शहाणपणाचे, कारण झाड तोडावे लागत नाही असा प्रस्ताव मंजूर होण्याची शक्यता जास्त असते. पावसाळ्यात दरड कोसळली तरी अशी तार खांबावरच्या तारेपेक्षा बरी टिकते.

दुकानातून, वाचनालयातून, देवळाच्या मंडपातून

तार वाड्याच्या तोंडाशी आली की ती सर्वांनी वाटून वापरण्याचा कायदेशीर आणि स्वस्त मार्ग पीएम-वाणी हा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केला. त्यात चार घटक आहेत. वायफाय देणारे दुकान किंवा संस्था म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस. अशा अनेक दुकानांचा हिशेब आणि ग्राहकांची ओळख सांभाळणारी कंपनी ही दुसरी. फोनवर जवळचे वायफाय शोधून देणारे ॲप हे तिसरे. आणि या सर्वांची नोंद ठेवणारी केंद्रीय नोंदवही, जी सी-डॉट ही सरकारी संस्था सांभाळते, ती चौथी. यातल्या दुकानदाराला परवाना लागत नाही, नोंदणीही लागत नाही. किराणा दुकान, वाचनालय, भजनी मंडळ, स्वयंसाहाय्य गट यांपैकी कोणीही पब्लिक डेटा ऑफिस चालवू शकते. घरगुती जोडणी घेऊन ती गुपचूप शेजाऱ्यांना विकणे नियमात बसत नाही; तेच काम या योजनेतून उघडपणे करता येते.

पूर्वी या दुकानदारांची अडचण दराची होती, कारण कंपन्या त्यांच्याकडून महागड्या जोडणीचे पैसे मागत. ट्रायने जून २०२५ मध्ये ठरवून दिले की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना पब्लिक डेटा ऑफिसला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाहीत. जोडणी घेताना हा आदेश छापून सोबत ठेवावा.

उभारणीतल्या काही गोष्टी गोव्यात राहणाऱ्यालाच ठाऊक असतात. जांभ्या दगडाच्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड असतात, त्यांतून वायफाय जेमतेम पलीकडे जाते. म्हणून राउटर आतल्या खोलीत न ठेवता सोप्यावर, छपराखाली, पावसाचे झोत लागणार नाहीत असा ठेवावा. कौलांतून लहरी बऱ्यापैकी जातात, पत्र्यातून जात नाहीत. पावसाळ्यासाठी मंडपावर पत्रे टाकले असतील तर त्यांच्या खाली वेगळे यंत्र लावावे लागते. वीज कडाडायला लागली की, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये, प्लग काढावाच. केवळ बटण बंद करून यंत्र वाचत नाही. चांगले अर्थिंग आणि लहान यूपीएस यांवर केलेला खर्च पहिल्याच वळवाच्या पावसात वसूल होतो. दोन वाड्यांमध्ये दरी असेल आणि तार नेणे शक्य नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या, ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवाना न लागणाऱ्या, समोरासमोरच्या दोन अँटेना लावता येतात. त्यांच्यामध्ये नजर आरपार जायला हवी. उन्हाळ्यात स्वच्छ दिसणारी रेषा पावसात पोफळी झुलू लागल्या की अडते, म्हणून जागा जुलैमध्येही एकदा पाहून ठरवावी.

कोण वापरते याकडेही लक्ष असावे. आमच्या सोप्यावर पहिले दोन महिने फक्त तरुण मुलगेच बसलेले दिसत आणि त्यामुळे मुली व वयस्क बायका तिकडे फिरकत नसत. मग संध्याकाळी साडेचार ते साडेसहा ही वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवली आणि स्वयंसाहाय्य गटातल्या एका वहिनींनी तिथे बसून रेशन, पेन्शन आणि शाळेचे अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. त्यानंतर गर्दी वाढली ती आजपर्यंत कमी झालेली नाही.

तक्रार

कंपनीकडे तक्रार केली की तिचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहावा. निवारण झाले नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. त्याला एकोणचाळीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपिलाला शुल्क नाही. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

नियम ठरत असताना बोलावे

इथवरचे काम आपल्या गावापुरते होते. वेग किती हवा, दर कसे असावेत, कोणत्या गावाला आधी जोडावे हे नियम मात्र दिल्लीत ठरतात, आणि ते ठरण्यापूर्वी ट्राय लोकांचे म्हणणे मागवते. १९९७ च्या ट्राय कायद्याने कारभारात पारदर्शकता ठेवणे त्या प्राधिकरणावर बंधनकारक केले आहे. आधी सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यात क्रमांक घातलेले प्रश्न असतात. ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तरे मागवली जातात, ती संकेतस्थळावर सर्वांना वाचायला ठेवली जातात, मग प्रतिउत्तरांची मुदत असते आणि शेवटी खुली चर्चा होते. यात भाग घेण्यासाठी संस्था नोंदणीकृत असावी लागत नाही.

सामान्य माणसाच्या पत्राने काही होते का, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेट सेवांसंबंधी मसुदा प्रसिद्ध केला तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. त्यानंतर डिसेंबरमध्ये वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावावेत का, या एकाच मुद्द्यावर वेगळा मसुदा आला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असे भेदभावाचे दर मनाई करणारा नियम झाला. आज कोणत्याही कंपनीला आपल्या मर्जीतली संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे मोजून, अशी योजना विकता येत नाही, ती या नियमामुळे. त्याच वेळी एका साच्यात छापल्यासारखी लाखो उत्तरेही आली होती, आणि त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नाहीत असे ट्रायने जाहीरपणे म्हटले होते. म्हणून पत्र थोडे असले तरी प्रश्नाला धरून असावे.

लिहिण्याची रीत सोपी आहे. मसुद्यातले सगळे प्रश्न घेऊ नयेत. आपल्या वहीत ज्याचे उत्तर आहे असे एक किंवा दोनच घ्यावेत. प्रश्नाचा क्रमांक लिहावा, पहिल्या वाक्यात उत्तर द्यावे, दुसऱ्या परिच्छेदात वहीतला पुरावा द्यावा आणि तिसऱ्यात नेमकी दुरुस्ती सुचवावी. उदाहरणार्थ, ‘नेटवर्कची उपलब्धता गावनिहाय न मोजता वस्तीनिहाय मोजावी’ एवढी एकच दुरुस्ती सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांतल्या किती तरी वाड्यांच्या उपयोगाची आहे. तिच्यामागे तीन आठवड्यांच्या नोंदी असतील तर ती दुरुस्ती एका माणसाची तक्रार राहत नाही. मजकूर आधी मराठीत पक्का करावा आणि नंतर इंग्रजी भाषांतर जोडावे. उलट्या क्रमाने गेल्यास, म्हणजे इंग्रजीत लिहू पाहिल्यास, बायका आणि वयस्क मंडळी चर्चेतून गळतात आणि पत्र एकट्यादुकट्या पदवीधराचे होऊन बसते.

दऱ्या आणि दर्या

इंटरनेटवरची नावे आणि पत्ते कसे असावेत हे कोणत्याही एका देशाचे सरकार ठरवत नाही. जगाच्या पातळीवर १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था डोमेन नावांची व्यवस्था पाहते. भारतात २००३ मध्ये स्थापन झालेली निक्सी ही संस्था .इन आणि .भारत या नावांची नोंदणी सांभाळते. देवनागरीतले .भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि ते मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांसाठी चालते. पंचायतीचे, वाचनालयाचे किंवा बागायतदार संघाचे संकेतस्थळ करताना हे नाव जरूर घ्यावे.

आता ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द पाहावेत. एकात सह्याद्रीच्या दऱ्या आहेत, दुसऱ्यात अरबी समुद्र. कानाला फरक कळतो, आणि लिहिताना तो एका अर्ध्या अक्षरावर अवलंबून असतो. हिंदी वाचणाऱ्याला ते अर्धे ‘ऱ’ ओळखीचे नसते. डोमेन नावांत देवनागरीची कोणती अक्षरे आणि जोडण्या चालाव्यात, हे ठरवण्यासाठी आयकॅनच्या व्यवस्थेत निओ-ब्राह्मी नावाचा गट बसला होता, आणि अशा गटांत स्वयंसेवक म्हणून भाषेची जाणकार माणसे काम करतात. मराठी आणि कोंकणी लिहिणारा माणूस तिथे नसेल तर हा फरक दुसरा कोण लक्षात आणून देणार? इंटरनेटच्या कारभारात आपला सहभाग म्हणजे काय, हे मला या दोन शब्दांतून नेमके समजले.

भाग घ्यायचा तर दोन वाटा आहेत. आयकॅनमध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी ‘ॲट-लार्ज’ नावाची शाखा आहे आणि आशिया-पॅसिफिकसाठी तिचे प्रादेशिक मंडळ आहे; स्थानिक संस्था किंवा व्यक्ती त्यात सहभागी होऊ शकते, बैठका ऑनलाइन ऐकता येतात आणि नवशिक्यांसाठी आयकॅनचे मोफत अभ्यासक्रम आहेत. दुसरी वाट इंटरनेट गव्हर्नन्स फोरमची. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००६ मध्ये अथेन्सला त्याची पहिली सभा झाली, २००८ मध्ये ती हैदराबादेत भरली, आणि २०२१ पासून भारताचा स्वतंत्र फोरमही भरतो. तिथे सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरी संस्था एकाच टेबलाशी बसतात. निर्णय तिथे होत नाहीत, म्हणून काही जण या सभांना कमी लेखतात. पण पुढे जे निर्णय घेतात ती माणसे तिथे ऐकायला आलेली असतात.

वहीची शेवटची दहा पाने या कामासाठी राखून ठेवावीत. कोणत्या सरकारी किंवा खासगी अर्जाने देवनागरीतला ई-मेल पत्ता नाकारला, कोणत्या संकेतस्थळाने .भारत हे नाव ओळखले नाही, कोणते ॲप मराठी निवडल्यावरही अर्ध्या वाटेत इंग्रजीवर गेले, हे तारखेसह लिहावे. आमच्या गटातल्या एका आजींनी पेन्शनच्या अर्जात स्वतःचे नाव मराठीत लिहिले तेव्हा पडद्यावर ‘अवैध अक्षरे’ असे उमटले. त्यांनी ते दोन शब्द स्वतःच्या हाताने वहीत उतरवून ठेवले आहेत.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी, पाऊस ओसरला की, ठरलेल्या त्याच पायऱ्यांवर आणि सोप्यांवर पुन्हा एक आठवडा मोजणी करावी. जूनपूर्वीचे आकडे एका रकान्यात आणि पावसानंतरचे शेजारच्या रकान्यात लिहून त्याची एक प्रत सचिवांकडे पोच घेऊन द्यावी, आणि मूळ वही शाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर, वाळवी लागणार नाही अशी ठेवावी.